उल्हास नदीच्या खोऱ्यांतील बचतगटांचीं दप्तरें

१

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मम्वाणि राजाच्या कारकीर्दींतला हा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० मधील होय. आरंभीं त्यांतील शकाचा आंकडा ७८२ असा वाचला गेला होता. पुढें तो ९८२ असा ठरला व एका अंकाच्या फेरवाचनानें देवालयाचें वय दोनशें वर्षांनीं कमी झालें. लेखांत राजाचें नांव आहे, त्याच्या पूर्वींच्या छित्तराजाचें आहे, आणि कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचींहि नांवें आहेत.

देवालयापासून थोड्याच अंतरावर उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ लष्करानें उभारलेल्या छावणींत इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस जागा देण्यांत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीच्या पायाचा दगड बसविला आणि उल्हास नदीवरून तिचें नांव उल्हासनगर पडलें. या दोन दगडांमध्यें जवळ जवळ नऊशें वर्षांचें अंतर आहे. पण दोहोंचें काम एकच: राज्यकर्त्याचें नांव व वर्ष सांगणें. ज्यांनीं या भूमींत भात कांडलें, भाजी विकली, पापड लाटले आणि घरें चालविलीं त्या बायकांविषयीं कोणताच दगड कांहीं सांगत नाहीं.

या लेखास निमित्त झालें तें असें. बदलापुरापलीकडील एका खेड्यांत एका जुन्या घराण्याचे मोडी कागद पाहण्यासाठीं आम्ही गेलों होतों. ते कागद वाळवीनें खाल्ले होते. रुमाल सोडतांच भुगा हातीं आला. त्याच माळ्यावर सुतळीनें बांधलेला दहाबारा वह्यांचा एक गठ्ठा होता. तो कसला म्हणून विचारतां घरची सून म्हणाली, "काका, तें काय बघतां? आमच्या गटाच्या जुन्या वह्या त्या. कर्ज फिटलं, वही संपली. आतां सगळं मोबाइलवर भरतात." गठ्ठा पावसाळ्याआधीं रद्दींत जावयाचा होता. शेदीडशें वर्षांचे कागद वाळवीनें नेले म्हणून आम्ही हळहळत होतों, आणि वीस वर्षांचे कागद आमच्या डोळ्यांदेखत रद्दीच्या वाटेस लागले होते. ग्रामीण स्त्रियांच्या लहान उद्योगांस बचतगट व प्रशिक्षण यांच्या द्वारें जें पाठबळ मिळालें, त्याचा इतिहास लिहावयाचा तर त्याचें अस्सल साधन हेंच गठ्ठे होत, आणि तीं साधनें आतांच जमा केलीं पाहिजेत, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

२

महाराष्ट्रांतील जुन्या कागदपत्रांत स्त्रिया नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. पेशवे दप्तरांत राजस्त्रियांचीं पत्रें आहेत, इनामें आहेत, वारसाचे तंटे आहेत, कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. परंतु स्वतःच्या भांडवलावर धंदा करणारी, देणेंघेणें ठेवणारी सामान्य गांवकरीण त्यांत क्वचितच भेटते. याचें कारण वतनाच्या व्यवस्थेंत आहे. बलुतें घरास मिळे, घर पुरुषाच्या नांवें लिहिलें जाई. मडकें घडवितांना माती मळणारी व तें बाजारांत विकणारी कुंभारीण, टोपल्या विणणारी बुरडीण, बांगड्या भरणारी कासारीण, मासळीची पाटी वाहणारी कोळीण यांचे शब्द भाषेंत शिल्लक राहिले. त्यांचे हिशेब राहिले नाहींत. भाषेनें जें जपलें तें दप्तरानें टाकलें.

कोंकणपट्टींत याचें ठळक उदाहरण कांडणाचें आहे. भाताचा हा मुलूख. घरोघर उखळीं भात कांडलें जाई आणि ज्यांस शेत नव्हतें अशा बायका दुसऱ्याचें भात कांडून त्याबद्दल तांदूळ घेत. हें उत्पन्न बाईच्या हातचें होतें. तें पदरांत पडे, वहींत पडत नसे. पुढें भाताच्या गिरण्या आल्या आणि हा धंदा नाहींसा झाला. इ. स. १८५६ मध्यें कल्याणाहून पळसदरीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला, अंबरनाथ व बदलापूर हीं त्या मार्गावर आलीं, पुढें अंबरनाथास कारखाने उभे राहिले. या सर्व गोष्टी सरकारी कागदांत तारीखवार सांपडतात. कांडपिणीचें उत्पन्न कधीं बुडालें व तिनें पुढें काय केलें, हें मात्र कोठेंहि सांपडत नाहीं. जो धंदा लिहिला गेला नाहीं तो बुडाल्याचीहि नोंद होत नाहीं.

बायकांची एकत्र बचत हीहि कांहीं कालपरवांची कल्पना नव्हे. भिशी आपल्याकडे फार दिवसांची आहे. दहाबारा जणींनीं दरमहा ठराविक रक्कम जमवावी आणि चिठ्ठी टाकून एकीनें ती उचलावी. भिशीची मर्यादा अशी कीं, सर्वांची पाळी झाली कीं ती संपते. सामाईक भांडवल मागें राहत नाहीं, आणि बहुधा कागदहि राहत नाहीं. या अभावाचे परिणाम काय होतात पाहा. अमरावती जिल्ह्यांत इ. स. १९४७ च्या सुमारास बायकांनीं चार चार आणे जमवून बचतगट काढला, अशी हकीकत बचतगटांवरील लिखाणांत वारंवार येते. ती खरी असूं शकेल. पण ती एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाते. मूळ वही कोणी छापल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. बखरीवर आपण जितका विश्वास ठेवतों तितकाच या हकीकतीवर तूर्त ठेवावा लागतो.

३

स्त्रीस हुन्नर शिकवून तिला स्वतःच्या पायांवर उभें करावें, या विचाराचा कागदोपत्रीं इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन काढलें व पुढें केडगांवास मुक्ति मिशनच्या रूपानें मोठी वसाहत उभारली. धोंडो केशव कर्वे यांनीं इ. स. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम स्थापिला. इ. स. १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याची सेवासदन संस्था सुरू झाली. तेथें शिवणकाम, शुश्रूषा वगैरे विषय शिकविले जात. या संस्थांचीं अहवालपुस्तकें, पत्रें व चरित्रें उपलब्ध आहेत, म्हणूनच त्यांचा इतिहास लिहितां आला. त्यांची मर्यादाहि सांगितली पाहिजे. त्यांचा भर शहरांवर, आणि बहुतांशीं विधवा व परित्यक्ता यांच्यावर होता. शिवण शिकून आपल्या खेड्यांत परत गेलेल्या बाईस यंत्र घेण्यासाठीं पैसा कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या कक्षेच्या बाहेर राहिला. विद्या मिळाली, भांडवल मिळालें नाहीं.

भांडवलाचा प्रश्न पहिल्यानें मुंबईंत एका वेगळ्या रीतीनें सुटला. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील सात गुजराथी स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. श्रीमहिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा हाच उगम. त्यांना पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख यांनीं दोन गोष्टींचा आग्रह धरिला: देणगी घ्यावयाची नाहीं, आणि हिशेब चोख ठेवावयाचा. पीठ संस्थेनें मळून द्यावें, बाईनें तें घरीं नेऊन पापड लाटावे, वजनावर मजुरी घ्यावी आणि नफ्यांत वांटा घ्यावा, अशी पद्धति पडली. लाटणारी ती मालकीण, हें या पद्धतीचें मर्म होय. आरंभींच्या सात जणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री देण्यांत आली.

उल्हासनगरच्या पापडाची हकीकत याच्याशीं ताडून पाहण्यासारखी आहे. सिंधी घरांत पाहुणा आला कीं पापड व पाणी पुढें करण्याची रीत आहे. घरेंदारें सिंधमध्यें टाकून छावणींत आलेल्या कुटुंबांनीं जीं घरगुती कामें उदरनिर्वाहासाठीं हातीं घेतलीं त्यांत पापड, लोणचीं व मिठाई यांस मोठें स्थान होतें. आज उल्हासनगरचा पापड दूरवर विकला जातो. तथापि तेथें लाटणारी सर्वत्र मालकीण झाली असें म्हणतां येणार नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती नगावर किंवा वजनावर काम घेणारी मजूर राहिली. एकाच पदार्थाचे हे दोन इतिहास आहेत. दोहोंतील भेद कसबाचा नव्हे. हिशेबाची वही कोणाच्या हातीं होती याचा तो भेद आहे.

इ. स. १९६९ मध्यें चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां लहान कर्जाची वाट उघडली. तिचा उपयोग मुंबईच्या गिरणगांवांत प्रेमा पुरव यांनीं करून घेतला. गिरणी कामगारांसाठीं खाणावळी चालविणाऱ्या बायका सावकाराच्या व किराणा दुकानदाराच्या कर्जांत बुडालेल्या असत. त्यांचे गट करून, एकमेकींस जामीन ठेवून, बँकेचें कर्ज मिळवून देण्याचें काम इ. स. १९७५ मध्यें स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानें केलें. त्याच वर्षीं २४ फेब्रुवारी रोजीं राज्य शासनानें महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे सध्यां माविम या नांवानें ओळखली जाणारी संस्था, स्थापिली. गट हेंच तारण, ही कल्पना येथें पक्की झाली. युरोपांत राइफायझेन यांच्या ग्रामीण पतपेढ्या एकोणिसाव्या शतकांत याच तत्त्वावर निघाल्या होत्या आणि आपल्याकडे इ. स. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्याच धर्तीवर झाला. परंतु त्या कायद्याच्या सोसायट्यांत सभासद होण्यास बहुधा जमीन लागे, आणि जमीन बाईच्या नांवें नसे.

४

सध्यां ज्यास बचतगट अथवा स्वयंसहाय्यता गट म्हणतात त्याची बँकेशीं सांगड घालण्याचा प्रयोग राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजे नाबार्डनें, इ. स. १९९२ मध्यें पांचशें गटांपुरता सुरू केला. आज देशांत अशा गटांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे.

गटाची रचना साधी आहे. एका वस्तींतील दहा ते वीस बायका एकत्र येतात. अध्यक्ष, सचिव व खजिनदार त्यांच्यांतूनच निवडतात. उदाहरणार्थ, बारा जणींनीं दरमहा पन्नास रुपये टाकले तर महिन्यास सहाशें व वर्षास ७,२०० रुपये जमतात. ही रक्कम पडून राहत नाहीं. गरज असेल तीस ती गटांतूनच कर्जाऊ दिली जाते आणि तिचें व्याज गटाच्याच पेटींत येतें. सावकाराकडे जाणारें व्याज आपल्याच भांडवलांत पडूं लागतें. कांहीं महिने हा व्यवहार नीट चालला म्हणजे बँक गटाची प्रत पाहते व बचतीच्या पटींत कर्ज देते. प्रत ठरविण्याचीं पांच सूत्रें आहेत: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, आणि अद्ययावत लिखापढी.

या पांचव्या सूत्राकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. तारणास सोनें नाहीं, जमीन नाहीं. मग बँक विश्वास कशावर ठेवते? वहीवर. महाराष्ट्राच्या इतिहासांत सामान्य ग्रामीण स्त्रीची पत तिनें ठेवलेल्या कागदावरून ठरूं लागली, असा इतक्या मोठ्या प्रमाणावरील प्रसंग आम्हांस तरी हा पहिलाच दिसतो.

साताऱ्यांतील म्हसवड येथील माणदेशी महिला बँकेची हकीकत या दृष्टीनें उद्‌बोधक आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें तेथील बायकांनीं स्वतःची सहकारी बँक काढण्याचें ठरविलें. पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण प्रवर्तकांपैकीं कित्येक निरक्षर होत्या व कागदांवर अंगठे होते. बायकांनीं साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि कांहीं महिन्यांनीं त्या पुन्हां रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढें गेल्या. आम्हांस वाचतां येत नव्हतें तरी हिशेब येतो; कोणत्याहि रकमेचें व्याज तोंडीं करून दाखवितों, असें त्यांनीं सांगितलें. इ. स. १९९७ मध्यें बँक सुरू झाली. अंगठ्यापासून सहीपर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्रांतील हजारों वह्यांत पानोपान पडलेला आहे. फक्त त्या दृष्टीनें तीं पानें कोणीं चाळलेलीं नाहींत.

प्रशिक्षणाची बाजू सरकारनें निरनिराळ्या नांवांखालीं चालविली. ग्रामीण तरुणांस स्वयंरोजगारासाठीं शिकविण्याची योजना इ. स. १९७९ मध्यें निघाली. ग्रामीण स्त्रिया व बालकें यांच्यासाठींची, डवाक्रा या नांवानें प्रसिद्ध असलेली योजना इ. स. १९८२ मध्यें. या व अशा दुसऱ्या योजना एकत्र करून १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना लागू झाली. इ. स. २०११ मध्यें तिची जागा राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नति अभियानानें घेतली. महाराष्ट्रांत त्यास उमेद म्हणतात. यांत गटांचा ग्रामसंघ व ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी उतरंड आहे. धंद्याचें शिक्षण देण्यासाठीं ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. कर्नाटकांतील उजिरे येथें इ. स. १९८२ मध्यें निघालेल्या संस्थेचा नमुना त्यांच्यापुढें होता. बँका त्या चालवितात. शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असतें, आणि शिकून गेलेल्यांची दोन वर्षें विचारपूस करावी असा दंडक आहे.

५

आतां आमच्या तीन गांवांकडे येऊं. उल्हासनगर आज महानगरपालिकेचें शहर आहे. अंबरनाथ व कुळगांव-बदलापूर येथें नगरपरिषदा आहेत. आणि त्यांच्या भोंवतीं अंबरनाथ तालुक्याचीं खेडीं व आदिवासी वाड्या आहेत. खेड्यांतील गट उमेदच्या कक्षेंत येतात, शहरांतील गटांस नागरी योजना लागू होते. शहरांची हद्द वाढत आहे. कालचें खेडें आज नगरपरिषदेचा प्रभाग झालें कीं गटावर देखरेख करणारें कार्यालय बदलतें. दोन कार्यालयांच्या मध्यें जुने कागद कोणाचेच राहत नाहींत.

या खेड्यांस दोन मोठे बाजार हाताशीं आहेत. रेल्वेनें मुंबई जवळ, आणि उल्हासनगर त्याहून जवळ. हें वरदानहि आहे व अडचणहि. पापड, मसाला, लोणचें यांचें शिक्षण घेतलेली बाई जेव्हां माल घेऊन निघते, तेव्हां तिच्यापुढें पाऊण शतक मुरलेला उल्हासनगरचा पापडबाजार उभा असतो. तिला लाटतां येतें. वेष्टण, वजन, परवाना, उधारी व दुकानदाराची अडत यांची माहिती मात्र दहा दिवसांच्या वर्गांत पुरतेपणीं होत नाहीं. करणें शिकविलें आणि विकणें शिकविलें नाहीं, हा प्रशिक्षणाचा जुना दोष आहे. मुंबईस भरणारें महालक्ष्मी सरस यासारखें प्रदर्शन कांहीं दिवस विक्री देतें, ओळखी देतें. बारमास गिऱ्हाईक देऊं शकत नाहीं.

याउलट उदाहरण जांभळाचें. बदलापूरच्या जांभळास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें आहे. हंगामांत रानांतून जांभळें काढून तीं स्टेशनाजवळ विकावयास बसणाऱ्या आदिवासी बायका या भागांतील प्रत्येकानें पाहिल्या आहेत. हंगाम काय तो थोड्या आठवड्यांचा. फळ नाजुक, दुसऱ्या दिवशीं उतरतें. संध्याकाळीं पडेल त्या भावानें टोपली रिकामी करावी लागते. गर काढून टिकविणें, रस करणें, बियांची भुकटी करणें हें शिकलेल्या गटास ती घाई राहत नाहीं. येथें शिक्षण बाईच्या हातीं आधींच असलेल्या वस्तूवर उभें राहतें, म्हणून तें फळास येतें. रानाची माहिती तिची, भांडवल गटाचें, टिकविण्याची युक्ति वर्गाची, अशी ही जोड आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडीं परततात. ज्या गटाचें पहिलें सूत्र नियमित बैठक, त्यांत सहा महिने गांवाबाहेर असणारी बाई बसत नाहीं. गैरहजेरीमुळें गटाची प्रत घसरते, म्हणून इतर जणी तिला घेण्यास कचरतात. ज्या घरास उचल देणाऱ्या मुकादमापासून सुटण्यासाठीं गटाची सर्वांत अधिक गरज, तेंच घर गटाबाहेर राहण्याचा संभव असतो. हा नियमाचा दोष आहे, बाईचा नव्हे.

६

असल्या वह्यांत काय असतें हें जुन्या कागदांच्या अभ्यासकांस सांगतांना आम्हांस मौज वाटते. कारण शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत. रोजकीर्द आहे, खतावणी आहे. बैठकीचें इतिवृत्त व हजेरी, बचतीचें खातें, कर्जाचें खातें, आणि प्रत्येकीचें स्वतंत्र पुस्तक. दौलतीच्या दप्तराची जी मांडणी, तीच बाराजणींच्या पेटीची.

वाचण्याच्या रीतीहि त्याच. प्रथम हस्ताक्षर पाहावें. एका गांवांतील पांच गटांच्या वह्या एकाच वळणाच्या असतील तर लिहिणारी अंगणवाडीची सेविका अथवा पगारी लेखनिक आहे असें समजावें. तेथें गट अद्याप स्वतःच्या पायांवर नाहीं. मध्येंच वळण बदलून अक्षर मोठें, अडखळतें झालें तर एखाद्या सभासदानें लेखणी हातीं घेतली. शुद्धलेखन बिघडलें आणि गट सुधारला. दुसरें, कर्जाचें कारण पाहावें. पावसाळ्याच्या आरंभीं बीं व शाळेचा खर्च, मध्येंच दुखणें, पुढें सण व लग्न. त्यांतून शेळी, शिवणयंत्र, भाजीची हातगाडी अशीं कारणें केव्हांपासून येऊं लागलीं तें टिपावें. निर्वाहाच्या कर्जाकडून उद्योगाच्या कर्जाकडे जाणारी रेघ ज्या पानावर उमटते, तें पान उद्योगाच्या इतिहासाचें पहिलें पान होय. तिसरें, हजेरी. आवणीच्या दिवसांत ती कमी होणारच. परंतु एखादें नांव एकाएकीं बंद झालें तर तेंहि वाचावें. धंदा फसला, घर उठलें, किंवा माणूस गेलें.

सावधगिरीहि पाहिजे. ही वही बँकेस दाखवावयाची असते, म्हणून ती नेहमींच निष्पाप नसते. प्रत तपासणीच्या आधीं एका बैठकींत अनेक बैठकांचीं इतिवृत्तें लिहिलीं जाणें शक्य आहे. एकच शाई व एकच दाब यांवरून तें ओळखावें. उद्योगासाठीं म्हणून लिहिलेलें कर्ज नवऱ्याच्या देण्यांत गेलें असेल. हें दोष पाहून वही टाकावयाची नसते. महजराच्या साक्षी व कैफियतींतील वंशावळी यांचा खरेखोटेपणा जसा आपण पारखतों, तसाच हाहि पारखावा. शिवाय खाजगी वित्तकंपन्यांचीं कर्जें या गटांच्या व्यवहारांशीं मिसळूं नयेत. तेथें पैसा बाहेरून येतो व व्याज बाहेर जातें, येथें तें पेटींत राहतें. दोहोंचे कागद निरनिराळे लावावे.

७

कागद नष्ट होण्याचा वेग आतां वाढला आहे. गटांचे हिशेब लोकॉस नांवाच्या प्रणालींत मोबाइलवर भरले जाऊं लागले आहेत. हिशेबाच्या दृष्टीनें ही सोय चांगलीच आहे. परंतु त्यांत आंकडे जातात. वळण जात नाहीं, खाडाखोड जात नाहीं, अंगठ्याच्या शेजारीं पहिल्यानें केलेली सही जात नाहीं. आणि नवी पद्धति आली कीं जुन्या वहीची किंमत रद्दीच्या भावाची होते.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस विनंति आहे. उल्हास व बारवी यांच्या कांठच्या गांवीं मोडी रुमालांच्या शोधांत आपण जातांच. तेथें घरच्या पुरुषास दप्तर विचारतांना घरच्या बायकांसहि विचारावें. गटाची संमति घ्यावी, सर्व सभासदांची. कारण ती वही एकीच्या मालकीची नसते. मूळ वही देण्यास त्या नाखूष असल्यास छायाचित्रें घ्यावीं व वही कोरड्या जागीं ठेवण्यास सांगावें. जिवंत माणसांचीं कर्जें व दुखणीं त्यांत आहेत, हें क्षणभरहि विसरूं नये. नांवें झांकल्याविना एकहि पान छापूं नये, आणि सबंध वही योग्य मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावी. वहीबरोबर प्रशिक्षणाचीं प्रमाणपत्रें, मालाचीं वेष्टणें, दरपत्रकें व गटाचा शिक्का हींहि ठेवावीं; पुढील अभ्यासकास वेष्टणावरील एक दर शंभर पानांच्या अहवालापेक्षां अधिक सांगेल.

या संग्रहाचा उपयोग केवळ पुढच्या पिढीस आहे असेंहि नाहीं. कोणतें प्रशिक्षण टिकलें व कोणतें प्रमाणपत्राबरोबर संपलें, कोणत्या वस्तीस नियम आड आला, कर्ज कोणत्या वर्षीं धंद्याकडे वळलें, या प्रश्नांचीं उत्तरें आज योजना आंखणाऱ्यांस हवीं आहेत, आणि तीं माळ्यावरच्या गठ्ठ्यांत पडून आहेत.

त्या सूनबाईंनीं आपल्या गटास विचारून तो गठ्ठा आम्हांस पाहूं दिला व नंतर मागून घेतला. वह्या आतां रद्दींत जाणार नाहींत असें त्यांनीं आश्वासन दिलें आहे. निघतांना त्यांनीं विचारलें, "पण काका, यांत लिहिलंय काय एवढं? पन्नास रुपये जमा, पन्नास रुपये जमा, हेंच ना?" आम्हीं सांगितलें, तेंच. शके ९८२ च्या लेखांतहि एक आंकडा व कांहीं नांवें याहून फारसें अधिक नाहीं; तो दगडावर होता म्हणून वांचला.